नादारी व दिवाळखोरी संहिता, 2016

कर्जफेडीस असमर्थ ठरलेल्या कंपन्या, भागीदारी संस्था व व्यक्ती यांच्या मालमत्तेची व्यवस्था विहित मुदतीत लावण्यासाठी भारतीय संसदेने संमत केलेला कायदा; यास 28 मे 2016 रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली.

तत्पूर्वी आजारी उद्योगांसाठी 1985 चा स्वतंत्र कायदा होता. परंतु त्याच्या आश्रयाने वसुलीचे दावे वर्षानुवर्षे तहकूब राहत आणि ज्यांच्या हातून कारखाना बुडाला त्यांच्याच हाती त्याचा कारभारही राही. संहितेने ही रीत पालटली. थकबाकीदार कंपनीविरुद्ध बँकेने वा मालपुरवठादाराने केलेला अर्ज राष्ट्रीय कंपनी विधि न्यायाधिकरणाने दाखल करून घेतला, की जप्ती व दावे थांबतात, संचालक मंडळाचे अधिकार निलंबित होऊन कारभार निराकरण व्यावसायिकाकडे जातो आणि कंपनीचे भवितव्य धनको समिती किमान 66 टक्के मतांनी ठरविते. कंपनी सावरण्याची निराकरण योजना मंजूर न झाल्यास अवसायन अटळ होते. बुडीत कंपनी तिच्याच प्रवर्तकांनी स्वस्तात परत घेऊ नये, म्हणून 2017 मध्ये कलम 29अ घालण्यात आले. 2018 च्या दुरुस्तीने घरखरेदीदारांनाही वित्तीय धनकोंचे स्थान मिळाले. अर्जासाठी आवश्यक थकबाकीची किमान मर्यादा मार्च 2020 मध्ये एक लाखावरून एक कोटी रुपयांवर नेल्यामुळे लहान पुरवठादाराच्या हातचे हत्यार मात्र बरेचसे बोथट झाले.

कालमर्यादा हा संहितेचा प्राण होय, आणि तिचे खरे अपयशही तेथेच आहे. आरंभी 180 दिवस व फार तर आणखी 90 दिवस अशी मुदत होती. 2019 मध्ये न्यायालयीन कालहरणासह 330 दिवसांची कमाल मर्यादा घालण्यात आली. त्याच वर्षी 15 नोव्हेंबर रोजी एस्सार स्टीलच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने धनको समितीच्या व्यापारी विवेकात न्यायाधिकरणांनी ढवळाढवळ करू नये असे सांगितले, परंतु विलंबाचा दोष पक्षकाराकडे नसल्यास अपवादात्मक प्रसंगी ही मुदत वाढविण्याची वाटही मोकळी ठेवली. या निकालानंतर आर्सेलरमित्तल या पोलाद कंपनीच्या गटाने एस्सार स्टील ताब्यात घेतली. धनकोंच्या दृष्टीने संहितेचे हे सर्वांत ठळक यश मानले जाते, जरी तेही मुदतीत साधलेले नव्हते.

मुदतीची अवहेलना किती महाग पडते, हे मुंबईतील जेट एअरवेज प्रकरणावरून दिसते. न्यायाधिकरणाच्या मुंबई पीठाने जून 2019 मध्ये अर्ज दाखल करून घेतला, पुढे निराकरण योजनाही मंजूर झाली. परंतु यशस्वी बोलीदाराने तीतील अटी पाळल्या नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने 7 नोव्हेंबर 2024 रोजी या विमान कंपनीच्या अवसायनाचा आदेश दिला.