सेफ्ट्रियाक्सोन: शिरेतून अँटिबायोटिक चालू असताना काय सांगावे, काय पाहावे

रुग्ण दाखल झाला की केस पेपरवर ‘इंजेक्शन सेफ्ट्रियाक्सोन १ ग्रॅम’ अशी ओळ बऱ्याचदा दिसते. थोड्या वेळाने घरातले कोणीतरी मेडिकलमधून पावडरीची छोटी बाटली आणून सिस्टरच्या हातात देते. औषध चांगले आहे, जीव वाचवणारे आहे. पण ते सुरक्षितपणे जावे यासाठी रुग्णाने आणि नातेवाइकांनी सांगायच्या आणि पाहायच्या काही गोष्टी आहेत, आणि त्या बहुतेक वेळा घाईत राहून जातात.

सेफ्ट्रियाक्सोन जिवाणूंना त्यांची बाहेरची भिंत बांधू देत नाही, त्यामुळे ते मरतात. टायफॉइड, न्यूमोनिया, मेंदूज्वर, मूत्रपिंडाचा जंतुसंसर्ग, रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग अशा गंभीर आजारांत ते वापरतात. त्याची गोळी मिळत नाही, कारण तोंडाने घेतल्यास ते आतड्यातून नीट शोषले जात नाही. शरीरात ते बराच वेळ टिकते. रक्तातले प्रमाण निम्म्यावर यायला साधारण ८ तास लागतात, म्हणून बहुतेक आजारांत दिवसातून एकदाच पुरते. मेंदूज्वरात मात्र मोठ्या माणसाला २ ग्रॅम दर १२ तासांनी दिले जाते. तेव्हा ‘शेजारच्या बेडला दोनदा आणि आमच्या पेशंटला एकदाच का?’ याचे उत्तर आजारात असते, डॉक्टरांच्या हलगर्जीपणात नाही.

डेंग्यू, फ्लू, साधी सर्दी हे विषाणूंचे आजार. त्यांच्यावर हे इंजेक्शन काहीही करत नाही. ‘गोळ्यांनी भागणार नाही, सुईच द्या’ असा आग्रह दवाखान्यात मला रोज ऐकू येतो. ताप कशाचा आहे हे ठरल्याशिवाय तो मान्य करण्यात रुग्णाचा फायदा नसतो.

पहिल्या डोसाआधी

काही वर्षांपूर्वी न्यूमोनिया झालेल्या एका आजींना हे इंजेक्शन द्यायचे होते. ‘कुठल्या औषधाची ॲलर्जी?’ विचारले तर त्या आणि त्यांचा मुलगा दोघेही ‘नाही’ म्हणाले. औषध तयार होत असताना मुलगा सहज बोलून गेला, ‘मागे एका अँटिबायोटिकच्या इंजेक्शननंतर आईच्या अंगावर पित्त उठलं होतं, ओठही सुजले होते. पण ते पित्ताचं होतं.’ आम्ही तिथेच थांबलो आणि दुसरे औषध निवडले. आपल्याकडे अंगावर गांधी उठल्या की त्याला ‘पित्त’ म्हणतात आणि विषय तिथेच संपतो. औषध घेतल्यावर उठलेले पित्त ही ॲलर्जी असू शकते. शब्द कोणताही वापरा, पण हे सांगा.

पेनिसिलिनची ॲलर्जी असलेल्या प्रत्येकाला सेफ्ट्रियाक्सोन वर्ज्य नसते. मात्र तेव्हा नेमके काय झाले होते हे डॉक्टरांना कळले पाहिजे: नुसती खाज सुटली होती, की श्वास अडकला होता? कातडीत थोडे औषध टोचून केलेली टेस्ट ठीक आली म्हणजे रिॲक्शन येणारच नाही, अशी हमी मिळत नाही.

रक्त पातळ करणारी वॉरफरिनची गोळी चालू असेल तर तीही सांगा. या अँटिबायोटिकमुळे तिचा परिणाम वाढू शकतो आणि रक्ताची तपासणी जास्त वेळा करावी लागते. यकृत आणि मूत्रपिंड दोन्ही कमजोर असतील, किंवा गर्भारपण असेल, तर तेही लपवू नका.

शक्य असेल तेव्हा पहिल्या डोसाआधी कल्चरसाठी रक्त घेतले जाते. ‘आणखी रक्त कशाला?’ असे वाटते, पण औषध शरीरात गेल्यावर जंतू सापडणे अवघड होते. टायफॉइडमध्ये तर याचे महत्त्व फार, कारण एकदाच केलेल्या विडाल चाचणीवरून टायफॉइड नक्की ठरत नाही. मेंदूज्वराची किंवा रक्तातल्या गंभीर संसर्गाची शंका असेल तर मात्र तपासण्यांसाठी इंजेक्शन लांबवायचे नसते.

इंजेक्शन चालू असताना

हे औषध शिरेत २ ते ४ मिनिटांत सावकाश देतात, किंवा सलाईनमधून साधारण अर्ध्या तासात. कॅल्शियम असलेल्या द्रवात, उदाहरणार्थ रिंगर लॅक्टेटच्या बाटलीत (सिस्टर तिला ‘आरएल’ म्हणतात), ते मिसळायचे नसते. दोन्ही एकत्र आले की खडे धरतात. मोठ्यांमध्ये मधे नळी साध्या सलाईनने धुऊन दोन्ही एकापाठोपाठ देता येतात. पण २८ दिवसांपर्यंतच्या ज्या बाळाला शिरेतून कॅल्शियम द्यावे लागते, त्याला सेफ्ट्रियाक्सोन देतच नाहीत. फुप्फुसांत आणि मूत्रपिंडांत असे खडे साचून नवजात बाळे दगावल्याची नोंद आहे. कावीळ झालेल्या नवजात बाळालाही हे औषध टाळतात.

स्नायूत देताना दुखू नये म्हणून काही वेळा ते भूल देणाऱ्या लिग्नोकेनमध्ये कालवतात. ते मिश्रण फक्त स्नायूसाठी असते. शिरेत ते कधीही जाता कामा नये.

औषध जाताना खाज सुटली, गांधी उठल्या, ओठ किंवा चेहरा सुजला, घसा आवळल्यासारखा वाटला, श्वासाला त्रास झाला, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर लगेच ओरडून सांगा. ‘थोडं होतंय, संपत आलंय’ म्हणून सोसू नका. अशा वेळी औषध बंद करून मांडीत ॲड्रेनालिनचे इंजेक्शन देतात आणि त्यात मिनिटे मोजायची असतात. म्हणूनच शेजारच्या कंपाउंडरला घरी बोलावून पहिला डोस घेणे मला अजिबात मान्य नाही. निदान अर्धा तास दवाखान्यातच थांबा. सुईची जागा लाल झाली, दुखू किंवा सुजू लागली, तर सुई बदलून घ्या.

पुढचे दिवस

टायफॉइडमध्ये योग्य औषध चालू असूनही ताप उतरायला चार-पाच दिवस, कधी थोडे जास्त लागतात. दुसऱ्या दिवशी ताप दिसला म्हणून औषध बदलण्याचा हट्ट करू नका. पण रुग्ण सुस्त पडत असेल, पोट फुगून दुखत असेल किंवा शौचातून रक्त येत असेल, तर एक तासही थांबू नका.

थोडे पातळ शौचाला होणे नेहमीचे आहे. दिवसातून अनेकदा पाण्यासारखे जुलाब, त्यात रक्त किंवा ताप असेल, तर डॉक्टरांना दाखवा, मग औषध संपून काही आठवडे झालेले असले तरी. जुलाब थांबवणारी गोळी मनाने घेऊ नका. लघवी गडद होणे, अंग पांढरे पडणे, दम लागणे हे क्वचित होते, पण तातडीचे आहे.

आणखी एक, जरा विचित्र गोष्ट. हे औषध पित्ताशयात साचून सोनोग्राफीत खड्यांसारखे दिसू शकते. औषध थांबल्यावर ते बहुतेक आपोआप जाते. त्यामुळे सोनोग्राफी करणाऱ्यांना आणि सर्जनना या इंजेक्शनबद्दल आधी सांगा.

तब्येत सुधारली, तोंडाने खाणे सुरू झाले, की अनेक आजारांत डॉक्टर गोळ्यांवर आणतात. हे उपचार कमी करणे नव्हे. हातातली सुई जितकी लवकर निघेल तितका तिच्यातून नवा संसर्ग होण्याचा धोका कमी. मेंदूज्वर किंवा हृदयाच्या झडपांच्या संसर्गात मात्र सहसा पूर्ण उपचार शिरेतूनच करावे लागतात.

सेफ्ट्रियाक्सोन भारतात ‘शेड्यूल एच १’ मध्ये आहे. चिठ्ठीशिवाय ते विकता येत नाही आणि दुकानदाराला विक्रीची नोंद ठेवावी लागते. यामागे कारण आहे. पाकिस्तानातल्या सिंध प्रांतात २०१६ पासून पसरलेल्या टायफॉइडच्या जंतूंवर हे औषध चालेनासे झाले आणि डॉक्टरांपुढे मोजकेच पर्याय उरले.

घरी जाताना डिस्चार्ज कार्डवर औषधाचे नाव, मात्रा, किती दिवस दिले आणि काही रिॲक्शन आली का, हे लिहून घ्या आणि त्याचा फोटो घरातल्या दोघांच्या फोनमध्ये ठेवा. घरी गेल्यावर दोन आठवड्यांत पुन्हा ताप आला तर तो कागद घेऊन या. टायफॉइड उलटू शकतो, आणि मागच्या वेळी काय दिले होते हे आम्हाला तेव्हा लगेच हवे असते.