लाथ डोक्यापर्यंत कधी पोचली?

आज कराटेबद्दल बोलायचंय, आणि त्यातही फक्त उंच किकबद्दल.

रिठद घ्या, रिसोड घ्या, नाहीतर वाशिमचं एखादं मैदान घ्या. कराटेचा क्लास सुरू झाला की बऱ्याच ठिकाणी एक प्रकार दिसतो. पोराला जमिनीवर बसवायचं, पाय दोन्हीकडे फाकवायचे आणि मागून कोणीतरी पाठीवर भार द्यायचा. पोरगं कळवळतं. त्याला सांगतात, "सहन कर, नाहीतर किक वर जाणार नाही." मग जांघेत चमक भरते आणि महिनाभर लंगडणं आलं. त्यातले काही जण पुन्हा क्लासला येतच नाहीत. आपलं अंग कराटेसाठी नाहीच, असं त्यांना वाटतं.

यामागे एक समजूत आहे. डोक्याएवढी लाथ हीच कराटेची जुनी, अस्सल ओळख, आणि ती मिळवायला अंग असंच मोडावं लागतं. इतिहास बघितला तर यातलं काहीच टिकत नाही.

कराटे वाढलं ओकिनावा बेटावर. तिथले जुने उस्ताद लाथ मारायचे ती बहुतेक कमरेखाली. गुडघा, नडगी, जांघ, फार तर पोट. कारण साधं आहे. खऱ्या मारामारीत पाय छातीच्या वर नेला की समोरचा तो पकडतो, आणि एका पायावर उभा असलेला माणूस आडवा होतो. आपल्याकडच्या कुस्तीतल्या पैलवानाला विचारा, समोरच्याने पाय हातात दिला तर तो सोडेल का?

गिचिन फुनाकोशी हे ओकिनावातले शाळामास्तर. 1922 साली त्यांनी टोकियोत कराटेचं प्रात्यक्षिक दाखवलं, तेव्हा ते पन्नाशी ओलांडलेले होते. त्यांचं कराटे आजच्या व्हिडिओंसारखं दिसत नव्हतं. उभं राहणं आखूड, लाथा खाली. उंची आली ती त्यांच्या मुलाच्या पिढीत. गिगो फुनाकोशी, जन्म 1906. क्षयाने पोखरलेलं शरीर, तरी 1930 च्या दशकात या माणसाने शोतोकान कराटेचा चेहरा बदलला. बैठक लांब आणि खोल केली, गोल फिरवून मारायची मावाशी गेरी आणि बाजूची योको गेरी यांना मोठं स्थान दिलं. 1945 साली तो गेला, चाळिशीही पाहिली नाही.

याचा पुरावा आजही कातामध्ये सापडतो. काता म्हणजे ठरलेल्या हालचालींची मालिका. शोतोकानच्या हेइआन निदानमध्ये एका जागी बाजूची किक आहे. तोच काता शितो-र्यू शैलीत पिनान शोदान म्हणून शिकवतात, आणि तिथे त्याच जागी साधी समोरची किक येते. काता एकच, पण एका घराण्यात पाय बाजूला गेला.

मग स्पर्धा आल्या. जपान कराटे असोसिएशनची पहिली अखिल जपान स्पर्धा 1957 सालची. मागाहून सिनेमा आला. 1973 च्या ‘एंटर द ड्रॅगन’ने ब्रूस लीचा पाय जगभरच्या पोरांच्या डोक्यात घातला. तो कराटेवाला नव्हता, पण आपल्याकडे कोण फरक करतं! आजच्या जागतिक नियमांत ठोशाला 1 गुण, पोटावरच्या किकला 2 आणि डोक्यावरच्या किकला 3. तीन गुणांसाठी उंची हवीच, हे मान्य. पण ही उंची शंभर वर्षांच्या आतली आहे आणि ती सरावाने आलेली आहे.

आता 1930 च्याच दशकात आपल्याकडे काय चाललं होतं ते बघा. टोकियोशी याचा काही संबंध नाही, पण काळ तोच. वाशिम ज्या अमरावती विभागात येतं, त्या अमरावतीत 1914 पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभं होतं. 1936 साली मंडळाचा चमू बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथे गेला आणि कबड्डीसकट देशी व्यायामप्रकार दाखवून आला. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी शाळाशाळांत सूर्यनमस्कार घालून घेत होते. लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी 1924 मध्ये कैवल्यधाम काढलं आणि आसनांचा शरीरावर काय परिणाम होतो हे उपकरणं लावून मोजायला घेतलं. त्यांचा आग्रह एकच, आसनात हिसका नको.

हिसका का नको? स्नायू अचानक ताणला की तो स्वतःला वाचवण्यासाठी उलट आखडतो. मागून दाबणारा मित्र नेमकं तेच घडवतो. आणि दाबून पाय पसरला तरी किक वर जाईलच असं नाही. जमिनीवर पाय पसरणं आणि उभं राहून तो स्वतःच्या ताकदीने वर नेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मल्लखांबाचा खेळाडू बघा. मांडीच्या पकडीवर अख्खं अंग तोलतो, म्हणजे ताणलेला स्नायू तिथेच काम करत असतो. लवचीकता आणि ताकद एकाच वेळी. पेशवाईच्या शेवटी बाळंभटदादा देवधरांनी ज्याला नवं जीवन दिलं, तो हा खेळ. सूर्यनमस्कारात एक पाय मागे जातो आणि दोन हातांमध्ये परत येतो, तिथे जांघेची पुढची बाजू आणि मांडीची मागची बाजू आलटून पालटून मोकळी होते. किकला हेच स्नायू लागतात.

अजून एक गोष्ट, हाडाची. पाय सरळ बाजूला उचलला की मांडीच्या हाडाचा वरचा उंचवटा कमरेच्या हाडाशी अडतो. तिथे कितीही दाबा, हाड ताणलं जात नाही. उभ्या पायाची टाच लक्ष्याकडे फिरवली, कंबर वळवली, की तो अडथळा बाजूला होतो आणि तोच पाय वीतभर वर जातो. खुब्याची ठेवणही प्रत्येकाची वेगळी असते, म्हणून दोघांचा सराव सारखा असला तरी उंची सारखी येत नाही.

सोयाबीनच्या हंगामात क्लास बुडाला तरी हे घरी जमतं. आधी अंग गरम करा, चार-सहा सूर्यनमस्कार घाला. मग भिंतीला हात टेकवून गुडघा वर घ्या, पाय हळू सरळ करा, जिथे थांबेल तिथे पाच आकडे मोजा आणि हळूच खाली आणा. ताण जाणवला तर ठीक, जांघेत टोचलं तर थांबा. लांबवर धरून ठेवायचे ताण सरावानंतर ठेवा, किक मारायच्या आधी नको. फरक दिसायला काही महिने लागतात.

पुढच्या भागात बाळंभटदादा देवधर आणि दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारातली कुस्ती. भेटू.