चेतनेचे मेंदूतील स्थान : सिद्धांतांचा इतिहास

जागेपणी व्यक्तीला स्वतःची व परिसराची जी जाण असते, तिला चेतना म्हणतात. ती शरीरात कोठे उद्‌भवते, याविषयीची मते काळानुसार बदलत गेली. ॲरिस्टॉटल (इ. स. पू. ३८४–३२२) याने हृदयाला प्राधान्य दिले, चरक व सुश्रुत यांच्या संहितांतही हृदय हेच चेतनेचे स्थान मानले आहे. याउलट हिपॉक्राटीझच्या परंपरेतील वैद्यांनी मेंदूचा पक्ष घेतला आणि गेलेन (दुसरे शतक) याने प्राण्यांवरील प्रयोगांनी तो बळकट केला. चौथ्या शतकात नेमेसिअस याने कल्पना, विचार व स्मृती ही मेंदूच्या अनुक्रमे पुढील, मधल्या व मागील विवरांत असतात, असे प्रतिपादन केले. हे मत मध्ययुगभर टिकले.

फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त (१५९६–१६५०) याने तृतीय नेत्र पिंडाची निवड केली. मेंदूचे बहुतेक भाग जोडीने असतात, हा पिंड मात्र एकच. म्हणून दोन डोळ्यांतून आलेले ठसे येथेच एक होत असावेत, असा त्याचा तर्क होता. टॉमस विलिस याने १६६४ मध्ये हे मत नाकारून मेंदूच्या प्रत्यक्ष ऊतकाकडे लक्ष वेधले.

विसाव्या शतकात प्रयोगांना महत्त्व आले. मोरूत्सी व मागून यांनी १९४९ मध्ये मांजराच्या मस्तिष्क स्तंभातील जालाकार रचनेस विद्युत्‌ चेतना देताच मेंदूतील निद्रासदृश तरंग जागृतीच्या तरंगांत बदलतात, असे दाखविले. बाह्यकाचे मोठे भाग काढूनही रुग्णाची शुद्ध टिकते, हे शस्त्रक्रियांत पाहून पेनफील्ड यांनीही मस्तिष्क स्तंभाच्या वरच्या भागास महत्त्व दिले. पुढे बार्स (१९८८) व टोनोनी (२००४) यांनी एका केंद्राऐवजी अनेक भागांतील माहितीच्या देवाणघेवाणीवर वा एकीकरणावर भर दिला. या दोन विचारधारांच्या संयुक्त कसोटीचे निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत दोहोंचीही काही महत्त्वाची भाकिते खरी ठरली नाहीत.

हा वाद केवळ तात्त्विक नाही. भारतात १९९४ च्या मानवी अवयव प्रतिरोपण अधिनियमाने मस्तिष्क स्तंभाच्या मृत्यूस मान्यता दिली. उलटपक्षी, २००६ मध्ये ओवेन व सहकाऱ्यांनी निश्चेतन मानलेल्या एका स्त्रीस टेनिस खेळण्याची कल्पना करण्यास सांगितले, तेव्हा तिच्या मेंदूची प्रतिक्रिया निरोगी व्यक्तींसारखीच आढळली. बाह्य प्रतिसादाचा अभाव म्हणजे चेतनेचा अभाव नव्हे, हे त्यावरून स्पष्ट झाले.