बोस्टनचे जुने सभागृह

अमेरिकेतील बोस्टन शहरात वॉशिंग्टन स्ट्रीट आणि मिल्क स्ट्रीट हे दोन रस्ते जेथे मिळतात, तेथे उंच कचेऱ्यांच्या दाटीत विटांची एक साधी इमारत उभी आहे. तिला मनोरा आहे, मनोऱ्यावर घड्याळ आहे. परंतु युरोपातील ख्रिस्तमंदिरांत डोळे दिपवणारी जी रंगीत तावदाने, ज्या मूर्ती आणि जे कोरीव काम पाहावयास मिळते, त्यांपैकी येथे काहीच नाही. १७२९ साली बांधलेल्या या वास्तूचे नाव ‘ओल्ड साउथ मीटिंग हाऊस’, म्हणजे दक्षिणेकडील जुने सभागृह. हे नाव सहज पडलेले नाही. ज्या प्युरिटन पंथीयांनी ही वास्तू उभारली, त्यांच्या मते ‘चर्च’ म्हणजे श्रद्धावंतांचा समुदाय. इमारत ही केवळ त्यांनी एकत्र जमण्याची जागा. म्हणून तिला मंदिर न म्हणता त्यांनी सभागृह म्हटले.

आज या सभागृहाची हकीकत सांगावीशी वाटते, ती त्यातील धर्मकृत्यांसाठी नव्हे. उपासक निघून गेल्यावर उपासनास्थानाचे काय करावयाचे, हा प्रश्न पुष्कळ देशांना पडतो. कोणी ते पाडतात, कोणी त्याला कुलूप लावून प्रेक्षणीय स्थळ करतात. बोस्टनच्या नागरिकांनी, आणि त्यांतही प्रामुख्याने स्त्रियांनी, या प्रश्नाला निराळे उत्तर दिले. ही वास्तू त्यांनी व्याख्यानांसाठी राखली.

हे उत्तर त्यांना सुचले याचे कारण वास्तूच्या पूर्वेतिहासात आहे. वसाहतीच्या काळात बोस्टनमध्ये एवढी मोठी दुसरी इमारत नव्हती. नगरसभेचे नेहमीचे स्थान फॅन्युइल हॉल. तेथे माणसे मावेनाशी झाली की सभा ओल्ड साउथमध्ये हलवली जाई. १७७० च्या ५ मार्चला इंग्रज शिपायांच्या गोळीबारात पाच नागरिक ठार झाले. त्या दिवसाच्या स्मरणार्थ पुढे दरवर्षी भाषणे होऊ लागली, त्यांतली अनेक याच छपराखाली झाली. सर्वांत गाजलेली सभा मात्र १७७३ च्या १६ डिसेंबरची. त्या प्रसंगाशी आपल्या देशाचाही संबंध पोहोचतो.

बंदरात चहाच्या पेट्यांनी भरलेली तीन जहाजे उभी होती. चहा चीनमधला होता. पण माल ईस्ट इंडिया कंपनीचा होता. कंपनीची आर्थिक स्थिती तेव्हा डबघाईला आली होती आणि तिच्या वखारींत चहा पडून होता. तो वसाहतींत थेट विकण्याची सवलत ब्रिटिश पार्लमेंटने तिला दिली, मात्र चहावरील कर कायम ठेवला. आपले प्रतिनिधी नसलेल्या पार्लमेंटने बसवलेला कर भरावयाचा नाही, ही वसाहतवाल्यांची भूमिका. हीच कंपनी बंगालमध्ये कशी वागली हेही अमेरिकेत ठाऊक होते. जॉन डिकिन्सन यांनी त्याच वर्षी लिहिलेल्या एका पत्रकात बंगालच्या भीषण दुष्काळाचा दाखला देऊन आपल्या देशबांधवांना कंपनीविषयी सावध केले होते. पलाशीनंतरच्या बंगालचे दुःख अटलांटिकच्या पलीकडे एका राजकीय वादात पुरावा म्हणून मांडले जात होते, ही गोष्ट आपल्या इतिहासग्रंथांतून फारशी येत नाही.

पहिले जहाज बंदरात आल्यापासून वीस दिवसांत जकात भरली नाही, तर जकात अधिकारी माल ताब्यात घेणार, असा नियम होता. ती मुदत संपत आली होती. सुमारे पाच हजार माणसे सभागृहात आणि बाहेरच्या रस्त्यांवर दाटली होती. चहा न उतरवता जहाज परत नेण्याचा परवाना मागण्यासाठी त्याच्या मालकांपैकी एकाला गव्हर्नर हचिन्सन यांच्याकडे पाठवण्यात आले. तो अंधार पडल्यावर रिकाम्या हाताने परतला. तेव्हा सॅम्युएल ॲडम्स यांनी, देश वाचवण्यासाठी ही सभा याहून अधिक काही करू शकत नाही, अशा आशयाचे उद्गार काढले. त्यानंतर धक्क्याकडे गेलेल्या लोकांनी तीनशे चाळीस पेट्या फोडून चहा समुद्रात टाकला. पुढे जे युद्ध पेटले, त्याचा मार्ग या सभेतून गेला होता.

इंग्रज सैन्यानेही या वास्तूचे महत्त्व ओळखले होते. १७७५ साली शहर त्यांच्या ताब्यात असताना त्यांनी आतील बाके तोडून जळणासाठी वापरली, जमिनीवर माती पसरली आणि तेथे घोडदळाच्या सरावाची जागा केली. जेथे आपल्याविरुद्ध बोलले गेले, तेथे घोडे फिरवावयाचे, हा सत्तेचा जुनाच स्वभाव आहे. समाजाला आपल्या सभागृहात परत यावयास १७८३ साल उजाडले.

परंतु स्वातंत्र्याच्या या कथेत एक उणीव होती, ती झाकून चालणार नाही. फिलिस व्हीटली ही आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेली मुलगी १७७१ साली याच समाजाची सभासद झाली. चहाची सभा भरली त्याच वर्षी तिचा कवितासंग्रह लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. कराच्या अन्यायावर येथे तासन् तास भाषणे होत होती आणि माणसाची मालकी मात्र कायद्याने मान्य होती. ज्या वास्तूचा अभिमान बाळगावयाचा, तिच्यातील ही विसंगतीही तिच्याबरोबर जपावी लागते.

पुढे शंभर वर्षांत शहर बदलले. उपासक मंडळी दूरच्या नव्या वस्तीत राहावयास गेली. १८७२ च्या नोव्हेंबरात प्रचंड आग लागून बोस्टनचा व्यापारी भाग बेचिराख झाला. ओल्ड साउथ थोडक्यात बचावले. पण समाजाने नव्या वस्तीत नवे चर्च बांधले आणि जुन्या जागेला सोन्याचा भाव आला. १८७६ साली इमारतीचा लिलाव झाला. जमीन नव्हे, फक्त विटा, लाकूड आणि लोखंड. किंमत आली १३५० डॉलर. अट एवढीच, की घेणाऱ्याने साठ दिवसांत सर्व काही पाडून न्यावे.

पाडण्याचे काम सुरूही झाले होते. त्या वेळी एका कापडव्यवसायी पेढीने सात दिवसांची सवलत विकत घेतली. गुलामगिरीविरुद्ध आयुष्यभर बोललेले वक्ते वेंडेल फिलिप्स यांनी त्या भिंतींच्या आत उभे राहून त्यांच्या रक्षणासाठी भाषण केले. मग वीस स्त्रियांनी पुढे येऊन इमारत विकत घेतली. परंतु खालच्या जमिनीचे चार लाख डॉलर देणे बाकीच होते. एवढी रक्कम त्या काळी अफाट होती. त्यांतले एक लाख डॉलर मेरी हेमेनवे या एकट्या बाईंनी दिले. एका श्रीमंत व्यापाऱ्याच्या त्या पत्नी. त्याच वर्षी त्यांना वैधव्य आले होते.

या बाईंचा विचार पैसे देऊन थांबला नाही. इमारत वाचली, पण कशासाठी वाचली, हा प्रश्न त्यांनी विचारला. तिचे उत्तर व्याख्यानसत्रांच्या रूपाने आले. १८७९ साली इतिहासकार जॉन फिस्क यांची अमेरिकेच्या इतिहासावरील व्याख्याने येथे झाली. १८८३ पासून एडविन मीड यांच्या देखरेखीखाली तरुणांसाठी दर उन्हाळ्यात व्याख्यानमाला होऊ लागली. वसंत व्याख्यानमालेचा परिचय असलेल्या श्रोत्यांना या उपक्रमाचे स्वरूप निराळे सांगावयास नको. बुधवारी दुपारी तरुण मुलेमुली येत. प्रवेश विनामूल्य असे. दर सत्राला एक सूत्र ठरवले जाई. १८८९ साली फ्रेंच राज्यक्रांतीला शंभर वर्षे झाली, तेव्हा विषय होता ‘अमेरिका आणि फ्रान्स’. पुढच्या वर्षी अमेरिकेच्या मूळ रहिवाशांचा विषय घेतला गेला.

या सत्रांतील एक पद्धत मला विशेष महत्त्वाची वाटते. व्याख्यानाला जोडून मूळ कागदपत्रांची छोटी पत्रके छापली जात आणि काही सेंटांना विकली जात. अमेरिकेची राज्यघटना, स्वातंत्र्याचा जाहीरनामा, इंग्लंडची मॅग्ना कार्टा असे दस्तऐवज त्यामुळे शाळकरी मुलांच्या हाती आले. वक्ता जे सांगतो ते मूळ लेखाशी ताडून पाहावे, अशी ही सोय होती. शिवाय दरवर्षी निबंधस्पर्धा घेऊन श्रोत्यांनाच लेखक केले जाई. श्रोत्याने केवळ ऐकून घरी जाऊ नये, त्याने तपासावे, लिहावे आणि वेळ पडल्यास वक्त्याला विरोधही करावा, अशी शिकवण त्यात होती.

याच काळात बोस्टनमध्ये एक मराठी बाई आल्या. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानासाठी १८८६ साली फिलाडेल्फियाला गेलेल्या पंडिता रमाबाई अमेरिकेत राहिल्या आणि हिंदू विधवांच्या शिक्षणासाठी गावोगाव भाषणे देत फिरल्या. १८८७ च्या डिसेंबरात बोस्टन येथे ‘रमाबाई असोसिएशन’ स्थापन झाले आणि त्याने दहा वर्षे साहाय्याचे वचन दिले. या मंडळाची नावे पाहावीत. अध्यक्ष एडवर्ड एव्हरेट हेल हे ओल्ड साउथच्या व्याख्यात्यांपैकी एक. उपाध्यक्षांमध्ये जॉर्ज गॉर्डन हे जुने सभागृह सोडून गेलेल्या समाजाचे धर्मोपदेशक. आणि त्यांच्याच जोडीला मेरी हेमेनवे. १८८९ च्या ११ मार्चला मुंबईत शारदासदन उघडले, त्यामागे ही माणसे होती. सदनावरून पुढे पुण्यात किती वादळ उठले, ते सर्वश्रुत आहे. त्या वादाचा निवाडा येथे करावयाचा नाही. एवढेच नमूद करावयाचे की, एका जुन्या सभागृहाच्या विटा वाचवणारा हात आणि मुंबईतील विधवांच्या शाळेला आधार देणारा हात एकच होता. शिकण्याची आणि बोलण्याची जागा कोणाला तरी नाकारली जात आहे, हे दोन्ही ठिकाणी त्या बाईंना दिसले असावे.

व्याख्यानांसाठी जागा राखणे सोपे. न आवडणाऱ्या व्याख्यानासाठी ती उघडणे कठीण. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात बोस्टनच्या अधिकाऱ्यांचे बंदीहुकूम साऱ्या अमेरिकेत चेष्टेचा विषय झाले होते. पुस्तके, नाटके, सभा यांवर निर्बंध येत. संततिनियमनाच्या पुरस्कर्त्या मार्गारेट सँगर यांना तेथे जाहीरपणे बोलू दिले जात नव्हते. अशा वेळी, १९२९ मध्ये, ओल्ड साउथच्या चालकांनी ठराव केला की, ज्यांना आपले मत मांडण्यास शहरात अन्यत्र जागा मिळत नाही, त्यांना हे सभागृह खुले राहील. त्यांचे मत लोकांना किती अप्रिय आहे हे पाहिले जाणार नाही. या ठरावामुळे चालकांना पुढे अनेकदा रोष पत्करावा लागला असेल, हे उघड आहे. पण मेरी हेमेनवे यांच्या देणगीचा खरा अर्थ त्या दिवशी स्पष्ट झाला, असे मला वाटते.

त्यानंतरही सत्रे चालू राहिली. हिवाळ्यात दुपारच्या वेळी इतिहासविषयक भाषणे आणि संगीत यांचे कार्यक्रम कित्येक वर्षे होत होते. २०२० साली हे सभागृह आणि शहरातील जुने राज्यगृह एका संस्थेच्या व्यवस्थेखाली आले. २०२३ च्या १६ डिसेंबरला चहाच्या सभेला अडीचशे वर्षे झाली, तेव्हा ती जुनी चर्चा त्याच छपराखाली पुन्हा रंगवून दाखवण्यात आली. निघून गेलेला समाजही वर्षातून एकदा, नोव्हेंबरातील आभारदिनाच्या आधीच्या रविवारी, उपासनेसाठी जुन्या जागी परत येतो.

श्रोतेहो, या वास्तूत शिल्प नाही की चित्र नाही. १८७६ साली तिच्या सामानाची किंमत १३५० डॉलर ठरली, ती बाजाराच्या हिशेबाने चुकीचीही नसेल. मोल होते ते त्या चार भिंतींत जमून बोलण्याच्या सवयीचे. आपल्याकडेही गावोगाव जुनी मंदिरे, वाडे, धर्मशाळा, चर्चे मोडकळीस येत आहेत, आणि त्यांच्या डागडुजीसाठी वर्गण्या गोळा होत आहेत. वर्गणी देताना मेरी हेमेनवे यांचा प्रश्न आपणही विचारावा: ही वास्तू उभी राहिल्यावर तिच्यात कोण येणार, आणि आलेल्याला तेथे बोलता येणार की नाही?