कॅडिलॅकचं आठ-सहा-चार: आयडिया बरोबर, वेळ चुकली

आज मायलेजबद्दल बोलू, पण १९८१ मधल्या अमेरिकेतल्या.

१९७३ मध्ये अरब देशांनी अमेरिकेचं तेल रोखलं. त्यातून १९७५ चा कायदा आला: कंपनीच्या नव्या कारचं सरासरी मायलेज १९७८ ला गॅलनला १८ मैल आणि १९८५ ला २७.५ हवं. आपल्या हिशोबात, लिटरला साडेसातवरून पावणेबारा किलोमीटर.

पण कॅडिलॅकच्या गिऱ्हाइकाला मोठंच इंजिन हवं. सहा लिटर, आठ सिलिंडर! सपाट हायवेवर एवढी ताकद लागतच नाही. थ्रॉटल जेमतेम उघडा राहतो, आणि त्या फटीतून हवा ओढण्यातच इंधन खर्ची पडतं. स्ट्रॉ बोटांनी चिमटीत दाबून उसाचा रस पिऊन बघा, म्हणजे कळेल.

कॅडिलॅक म्हणाली, नको तेव्हा सिलिंडर बंद करू. कॉम्प्युटरने सांगितलं की दोन किंवा चार सिलिंडरचे व्हॉल्व्ह मिटूनच राहायचे. उरलेल्यांवर जास्त भार, म्हणून थ्रॉटल जास्त उघडा. आयडिया एकदम बरोबर! पण मी स्वतः सॉफ्टवेअरवाला, म्हणून सांगतो: तेव्हाचा प्रोसेसर या कामाला फारच हळू होता. सिलिंडर बदलताना गाडी धक्के खायची. लोक वैतागले, कित्येकांनी सिस्टिम डिस्कनेक्टच करून घेतली. वर्षभरात बहुतेक मॉडेल्समधून ती गेली.

दुसरा उपाय साधा होता, ओव्हरड्राइव्ह. फोर्डने १९८० च्या मॉडेल्समध्ये चार गिअरचं ऑटोमॅटिक आणलं. त्याच्या चौथ्या गिअरचा रेशो ०.६७. म्हणजे तिसऱ्यात इंजिन ३००० आरपीएमवर फिरत असेल, तर त्याच वेगाला चौथ्यात साधारण २०००. फेरे कमी, घर्षण कमी. आणि तेवढंच काम कमी फेऱ्यांत करायचं म्हणून इथेही थ्रॉटल जास्त उघडतो. फायदा तोच, फक्त दातेरी चाकांनी मिळवलेला.

सिलिंडर बंद करण्याची युक्ती पुढे वेगवान कॉम्प्युटरबरोबर परत आली. २०२१ मध्ये आपल्या चाकणला बनू लागलेल्या स्कोडा कुशाकच्या दीड लिटर इंजिनात चारातले दोन सिलिंडर गरज नसली की बंद होतात, आणि चालवणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

तर पुढच्या वेळी एक्स्प्रेसवेवर टॉप गिअरमध्ये असाल, तेव्हा आरपीएमच्या काट्यावर एक नजर टाका. भेटू पुढच्या भागात!