तबकडी आणि तिचा वाचक

इंग्लंडचा राजा पहिला विल्यम याने १०८५ च्या नाताळात आपल्या राज्यातील जमीनजुमल्याची मोजदाद करण्याचा हुकूम सोडला. गावोगावची शेते, नांगर, कुरणे आणि पाणचक्क्या यांची नोंद होऊन १०८६ साली जे दफ्तर सिद्ध झाले, ते 'डूम्सडे बुक' या नावाने प्रसिद्ध आहे. चर्मपत्रावर लिहिलेले हे दफ्तर लॅटिन जाणणाऱ्या अभ्यासकाला आजही वाचता येते. त्याच्या नऊशेव्या वर्षी, १९८६ साली, बीबीसीने अशीच नवी मोजदाद प्रसिद्ध केली. शाळकरी मुलांसह दहा लाखांहून अधिक लोकांनी तिला हातभार लावला. त्यांनी लिहिलेली वर्णने, नकाशे आणि छायाचित्रे ३० सेंटिमीटर व्यासाच्या दोन लेसर-तबकड्यांवर साठविण्यात आली. परंतु अवघ्या पंधरा-सोळा वर्षांत या तबकड्या वाचणारी यंत्रे दुर्मिळ झाली. नऊशे वर्षांपूर्वीचा कारकून वाचता येत होता. कालची शाळकरी मुले मात्र मुकी होऊ पाहत होती. तबकड्या शाबूत होत्या. हरवला होता तो त्यांचा वाचक.

घरच्या संगणकासाठी तबकडी वाचणारा ड्राइव्ह निवडणे हा वरकरणी किरकोळ बाजारहाटीचा प्रश्न वाटतो. पण त्यामागे हाच धडा उभा आहे, आणि तो समजण्यास या यंत्राचा इतिहास पाहणे अगत्याचे ठरते.

त्या इतिहासाचे दोन धागे एकाच वर्षी सुरू होतात. १९६० साली अमेरिकेत थिओडोर मेमन याने पहिला लेसर चालवून दाखविला. त्याच वर्षी अर्व्हिंग रीड आणि गुस्ताव सॉलोमन या दोन गणितज्ञांनी चुका सुधारणाऱ्या सांकेतिक अंकरचनेवर एक छोटासा निबंध प्रसिद्ध केला. फिलिप्स आणि सोनी या कंपन्यांनी हे दोन्ही धागे एकत्र विणले, आणि १ ऑक्टोबर १९८२ रोजी जपानात पहिला सीडी-वादक विक्रीस आला. १२ सेंटिमीटर व्यासाच्या त्या तबकडीवर सूक्ष्म खळग्यांची एकच नागमोडी वाट मध्यापासून कडेकडे जाते. तिच्या दोन वेढ्यांमधील अंतर १.६ मायक्रॉन असते. मानवी केसाच्या जाडीत असे चाळीसेक वेढे सहज मावतील. एवढ्या अरुंद वाटेवरून, फिरत्या तबकडीला स्पर्शही न करता, लेसरकिरणाला नेमके चालविणे हे वाचकयंत्राचे काम होय.

तबकडीवर ओरखडा उठणारच, हे तिच्या निर्मात्यांनी पहिल्यापासून गृहीत धरले होते. म्हणून त्यांनी ध्वनीचे अंक ओळीने न लिहिता दूरदूर विखरून ठेवले आणि रीड व सॉलोमन यांच्या गणिताची त्यांस जोड दिली. त्यामुळे सुमारे अडीच मिलिमीटर लांबीची वाट पुसली गेली तरी हरवलेले अंक पुन्हा जुळविता येतात. त्याहून मोठा खंड पडला, तर वादक शेजारच्या सुरांवरून मधला सूर अदमासाने भरतो, आणि ऐकणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

संगणकाचे तसे नाही. हिशेबातील एखादा आकडा किंवा पत्रातील एखादे अक्षर अदमासाने भरता येत नाही. म्हणून १९८०च्या दशकाच्या मध्यास सीडी संगणकाकडे आली, तेव्हा तिच्यावर दुरुस्तीचा आणखी एक थर चढविण्यात आला. एका विभागातील २,३५२ बाइटांपैकी केवळ २,०४८ बाइट प्रत्यक्ष मजकुरासाठी ठेवून उरलेले ओळख पटविण्यास आणि चुका सुधारण्यास दिले गेले. चांगल्या ड्राइव्हची पहिली कसोटी येथेच ठरली: वाचता येईल ते अचूक वाचावे, आणि न वाचता आले तर तसे स्पष्ट सांगावे.

पुढे मात्र बाजाराने ही कसोटी मागे टाकून वेगाची कसोटी पुढे केली. सेकंदाला १५० किलोबाइट हा मूळ वेग. तो दुप्पट, चौपट होत अखेर बावन्नपट झाल्याची जाहिरात होऊ लागली. या वेगात तबकडी मिनिटाला दहा हजारांच्या आसपास फेरे घेई, आणि तडा गेलेली तबकडी ड्राइव्हच्या आतच फुटण्याचा धोका असे. शिवाय तो बावन्नपट वेग केवळ तबकडीच्या बाहेरच्या कडेला लाभत असे; मध्याजवळ तो निम्म्याहूनही कमी भरे. ओरखडे पडलेली तबकडी तर सावकाश वाचली तरच वाचली जाते. वेगाचा आकडा मोठा म्हणजे यंत्र उत्तम, हे समीकरण म्हणूनच कधीही पुरते खरे नव्हते.

१९९६ च्या नोव्हेंबरात जपानात डीव्हीडी अवतरली. तिचा लेसर ६५० नॅनोमीटर लांबीच्या तांबड्या लहरींचा, तर सीडीचा ७८० नॅनोमीटरचा. खळगे लहान झाले आणि एका थरात ४.७ गिगाबाइट मजकूर मावू लागला. परंतु घरी लिहिता येणारी सीडी खळग्यांऐवजी एका रंगद्रव्याच्या थरावर लिहिली जाते, आणि ते रंगद्रव्य नव्या तांबड्या किरणाला नीट प्रतिसाद देत नसे. त्यामुळे सुरुवातीच्या कित्येक डीव्हीडी यंत्रांना घरी लिहिलेली सीडी वाचता येईना. अखेर नव्या यंत्रात जुन्या लहरीचा दुसरा लेसर बसवावा लागला. २००६ साली ४०५ नॅनोमीटरच्या किरणावर चालणारी, एका थरात २५ गिगाबाइट सामावणारी ब्लू-रे बाजारात आली. तिच्याशी स्पर्धा करणाऱ्या एचडी डीव्हीडीचा पक्ष तोशिबाने फेब्रुवारी २००८ मध्ये सोडून दिला, आणि त्या हरलेल्या तबकड्यांचे ग्राहक वाऱ्यावर राहिले.

या घडामोडीत भारताचाही वाटा होता. मोझर बेअर ही दिल्लीची कंपनी लिहिता येण्याजोग्या तबकड्यांच्या जगातील मोठ्या उत्पादकांत गणली जात असे; २०१८ साली तिच्या अवसायनाचा आदेश निघाला. पण तिच्या आणि इतरांच्या तबकड्या घरोघरी उरल्याच आहेत. लग्नाचे आणि मुंजीचे चित्रण, आजोबांच्या एकसष्टीतील भाषण, इंदूर-बडोद्याच्या मराठी घरांत सुट्टीच्या दिवशी पाहिली जाणारी नाटके असा कितीतरी ऐवज त्यांवर आहे. पुष्कळ ठिकाणी त्याची दुसरी प्रत नाही. दरम्यान घडीच्या संगणकांतून ड्राइव्हची जागाच नाहीशी झाली, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये सोनीने लिहिता येण्याजोग्या ब्लू-रे तबकड्यांचे उत्पादन थांबविले.

अशा काळात ड्राइव्ह निवडणाऱ्याने इतिहासाने शिकविलेलेच निकष लावावेत. तो सीडी, डीव्हीडी आणि गरज असल्यास ब्लू-रे या तिन्ही पिढ्या वाचतो काय, हे प्रथम पाहावे. टेबलावरील संगणकात बसणारा पूर्ण आकाराचा ड्राइव्ह सामान्यतः अधिक भक्कम असतो. यूएसबीवर चालणारा पातळ ड्राइव्ह सोयीचा खरा, पण त्याला केवळ त्या तारेतून मिळणाऱ्या विजेवर भागवावे लागते. वाचनाचा वेग कमी करता येतो काय आणि लिहिल्यानंतर पडताळणी होते काय, हेही विचारावे. परीक्षेसाठी दुकानातील कोरी करकरीत तबकडी न घेता घरातील जुनी, त्रास देणारी तबकडी न्यावी. एका ड्राइव्हने नाकारलेली तबकडी दुसऱ्या बनावटीचा ड्राइव्ह कधी कधी वाचतो. म्हणून पहिल्या नकाराने ती टाकून देऊ नये. सीडीचा मजकूर नाव लिहिण्याच्या बाजूस, पातळ लाखेच्या थराखालीच असतो, तेव्हा त्या बाजूवर टोकदार लेखणी चालवू नये. पुसताना मऊ फडके मध्यापासून कडेकडे सरळ न्यावे. आणि एकदा वाचता आलेल्या मजकुराच्या दोन प्रती त्याच दिवशी अन्यत्र ठेवाव्यात.

बीबीसीच्या त्या तबकड्यांचे पुढे काय झाले? लीड्स आणि मिशिगन या विद्यापीठांतील संशोधकांनी २००२ साली जुन्या यंत्राचे काम नव्या संगणकाकडून करवून दाखविले, आणि २०११ साली बीबीसीने त्यांतील गावांची वर्णने इंटरनेटवर पुन्हा खुली केली. त्या मुलांचे शब्द वाचले, कारण वेळ पुरती टळून जाण्यापूर्वी कोणीतरी त्यांच्या वाचकाचा शोध घेतला. कपाटातील तबकड्यांचीही तशी वेळ अद्याप टळलेली नाही. मात्र त्यांना बोलते करणारी यंत्रे मिळत आहेत तोवरच ती आहे.