फुटबॉल : महाराष्ट्रातील सामाजिक व आर्थिक इतिहास

फुटबॉल : प्रत्येकी अकरा खेळाडूंच्या दोन संघांत खेळला जाणारा हा मैदानी खेळ. त्याचे आधुनिक नियम इंग्लंडमध्ये १८६३ मध्ये निश्चित झाले आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटिश पलटणी, मिशनरी व व्यापारी यांच्यामार्फत तो भारतात रुजला. महाराष्ट्रात त्याला लष्कर, संस्थानिक व पेठांतील तालमी, औद्योगिक कंपन्या आणि अलीकडे व्यावसायिक क्लब असे निरनिराळे आश्रयदाते लाभले. आश्रयदाता बदलला, की खेळाचे स्वरूपही बदलले. त्यामुळे या खेळाच्या इतिहासात महाराष्ट्राच्या सामाजिक स्थित्यंतरांचे प्रतिबिंब आढळते.

लष्करी छावण्या : अहमदनगरचा (२०२४ पासून अहिल्यानगर) किल्ला इंग्रजांनी १८०३ मध्ये जिंकला. पुढे तेथे छावणी वसली व स्वातंत्र्योत्तर काळातही हे शहर चिलखती दलाच्या प्रशिक्षणाचे प्रमुख केंद्र राहिले. अहमदनगर, पुणे, देवळाली यांसारख्या छावण्यांत फुटबॉल हा सैनिकांच्या शारीरिक शिक्षणाचा व पलटणींतील चुरशीचा भाग होता. मुंबईत १८९१ मध्ये सुरू झालेली रोव्हर्स चषक स्पर्धा याच वातावरणातून निर्माण झाली. पहिले विजेतेपद वूस्टरशर रेजिमेंटने मिळविले आणि पुढील सु. साडेचार दशके हा चषक ब्रिटिश पलटणींकडेच राहिला. मोहन बागान संघाने १९११ मध्ये कलकत्त्यात ईस्ट यॉर्कशर रेजिमेंटला २–१ असे हरवून आय. एफ. ए. शील्ड जिंकली, तेव्हा त्या विजयाला राष्ट्रीय अस्मितेचा अर्थ प्राप्त झाला. राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात हरविता येते, हा त्याचा आशय होता. मुंबईत मात्र हा संघ १९२३ च्या अंतिम सामन्यात डरॅम लाइट इन्फन्ट्रीकडून पराभूत झाला. रोव्हर्स चषक जिंकणारा पहिला भारतीय संघ बंगलोर मुस्लिम्स हा होय (१९३७).

तालमी व पेठा : कोल्हापुरात फुटबॉल वेगळ्या मार्गाने वाढला. छत्रपती शाहू महाराजांच्या (१८७४–१९२२) आश्रयाने तेथे कुस्तीच्या तालमींचे जाळे बळकट झाले होते. त्या तालमींनीच पुढे फुटबॉलचे संघ उभे केले. पाटाकडील, खंडोबा, बालगोपाल, दिलबहार ही तालीम मंडळे त्यांची उदाहरणे होत. खेळाडू, वर्गणीदार व प्रेक्षक एकाच पेठेतील असल्याने संघ ही पेठेची सामाईक मालमत्ता मानली जाते. शाहू स्टेडियमवरील सामन्यांना होणारी गर्दी हे तिचेच फळ होय. या निष्ठेला दुसरीही बाजू आहे. समर्थकांच्या हाणामारीमुळे स्पर्धा थांबविण्याचे प्रसंग उद्‌भवले असून, स्थानिक पुढारी चषक व बक्षिसे पुरस्कृत करून जनसंपर्क साधतात. तथापि याच परंपरेतून आलेला अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषक स्पर्धेत भारताकडून खेळला.

कंपन्यांचे संघ : स्वातंत्र्यानंतर मुंबईतील फुटबॉलचा आधार नोकरी हा होता. टाटा, मफतलाल, महिंद्र, कॅल्टेक्स, रेल्वे, एअर इंडिया इत्यादींनी खेळाडूंना कामावर ठेवून संघ बांधले. कॅल्टेक्स संघाने १९५८ मध्ये रोव्हर्स चषकही जिंकला. सामान्य कुटुंबातील तरुणास मैदानावरील कौशल्यामुळे कायम वेतन मिळे, ही या पद्धतीची मोठी सामाजिक देणगी होती. परंतु संघाचे आयुष्य कंपनीच्या धोरणावर अवलंबून राही. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या गिरणी संपानंतर कापड धंदा खालावला व गिरणगावाच्या क्रीडाजीवनाचा पायाच खचला. रोव्हर्स चषक नव्या शतकाच्या आरंभी बंद पडला. २००५–०६ ची राष्ट्रीय लीग जिंकणारा महिंद्र युनायटेड हा संघही कंपनीने २०१० मध्ये विसर्जित केला. गोव्यात खाण उद्योगाच्या आश्रयाने वाढलेल्या साळगावकर व धेंपो या क्लबांनी २०१६ मध्ये स्पर्धारचनेतील प्रस्तावित बदलांच्या निषेधार्थ आय-लीगमधून माघार घेतली.

व्यावसायिक युग : अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने २०१० मध्ये आपले व्यापारी हक्क पंधरा वर्षांसाठी ७०० कोटी रुपयांच्या कराराने एका खाजगी कंपनीस दिले. त्यातून २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली. मुंबई सिटी या क्लबचा बहुसंख्य हिस्सा २०१९ मध्ये मँचेस्टर सिटीच्या मालक समूहाने घेतला आणि २०२०–२१ मध्ये क्लबने विजेतेपद मिळविले. खेळाडूंचे मानधन व प्रक्षेपणाचा दर्जा वाढला. मात्र कराराच्या नूतनीकरणाचा निर्णय वेळेत न झाल्याने जुलै २०२५ मध्ये पुढील हंगामच स्थगित ठेवण्यात आला व खेळाडूंची उपजीविका अनिश्चित झाली.

पलटणी परतल्या, गिरण्या बंद पडल्या, कंपन्यांनी धोरणे बदलली. या सर्वांत दीर्घकाळ टिकली ती पेठेतील तालीम. कारण तिचा आश्रयदाता बाहेरचा नसून प्रेक्षक स्वतःच आहे. भांडवल व प्रसिद्धी यांमुळे खेळाची उंची वाढते, पण त्याचे आयुष्य स्थानिक समाजाच्या सहभागावर ठरते, असे महाराष्ट्रातील फुटबॉलच्या इतिहासावरून दिसते.